सवाईची कोठी : कर्जत-खालापूरच्या धान्यकोठ्यांची वाटचाल

खळ्यावर रास मापताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन, चार. मापणारा पायली राशीत खुपसतो, भरून वर काढतो, आणि काठाच्या वर भाताचा जो ढीग राहतो त्याला शीग म्हणतात. ही शीग राहू द्यायची की हात फिरवून कापायची, यावर एके काळी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या कित्येक घरांचे वर्ष ठरत असे. सावकार भात देताना पायली कापून देई. घेताना तीच पायली शिगोशीग भरून घेई. वर वाढीदिढी होतीच. आषाढात मणभर भात उचलले की मार्गशीर्षात दीड मण फेडायचे; जुन्या १६ पायल्यांच्या मणाने म्हणजे १६ च्या जागी २४. शिगेचे भात वेगळे, ते वहीत येतच नसे.

ज्या संस्थेचा इतिहास इथे सांगायचा आहे, ती या मापातून जन्माला आली. तिला कुठे धान्यकोठी म्हणतात, कुठे धान्यकोश, कुठे धान्य बँक. वाडीवरच्या बोलण्यात ती नुसतीच 'कोठी'. तिचा नोंदणी क्रमांक सांगता येणार नाही, कारण ती एकदा आणि एका ठिकाणी स्थापन झालेली नाही. गावोगावच्या माणसांनी ती उभी केली, कधी ती मोडली, पुन्हा दुसऱ्यांनी उभी केली. रीत मात्र तीच राहिली. सुगीत प्रत्येक घराने आपल्या राशीतून थोडे भात बाजूला काढायचे, ते एका जागी साठवायचे, आणि पावसाळ्यात ज्याची कणगी रिकामी होईल त्याने त्यातून उचलायचे. फेडायचे ते सवाईने. मणाला मण आणि वर पाव मण.

बाहेरून येणाऱ्याला इथे धान्याचा तुटवडा होतो हे खरे वाटत नाही. गाडीने कर्जतला येताना वांगणी-शेलूपासून दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर भातखाचरे दिसतात. कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे, तेही १९१९ पासूनचे. 'कर्जत' हे नाव लावलेल्या भाताच्या जाती महाराष्ट्रभर पेरल्या जातात. मुंबईकर मंडळी जुलै-ऑगस्टमध्ये भिवपुरीच्या धबधब्याला, पेठच्या किल्ल्याला, इर्शाळगडाला येतात आणि हिरव्यागार डोंगरांचे फोटो घेऊन जातात. त्याच महिन्यांत डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर चूल दिवसातून एकदाच पेटे. इथल्या जुन्या पिढीने ते पाहिले आहे, काहींनी सोसले आहे.

कारण साधे आहे. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण चार महिन्यांत पडून वाहून जातो. पीक एकच. वैशाखात राब भाजायचा, मृगात रोप टाकायचे, आषाढात लावणी. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास हाती येते, गरवे दिवाळीनंतर. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. एवढ्या धान्यावर लहान शेतकऱ्याचे घर होळीपर्यंत चालते, फार तर अक्षय्यतृतीयेपर्यंत. पुढे ज्येष्ठ, आषाढ, श्रावण. अंगमेहनत सर्वांत जास्त त्याच दिवसांत, दिवसभर कमरेत वाकून चिखलात रोप लावायचे, आणि घरात सर्वांत कमी धान्यही त्याच दिवसांत. मग रानातली शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी. कातकरी बाया कडूकंद खणून आणतात. त्याच्या कापट्या राखेत उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय त्याचा कडूपणा जात नाही. हे सगळे शिजवूनही पोट भरले नाही, की घरातले शेवटचे भात काढले जाई. ते बियाण्याचे असे. बी खाल्ले की पुढच्या वर्षासाठी सावकाराच्या ओट्यावर जाणे ठरलेलेच.

सगळ्याच गावांची स्थिती अशी नाही, हेही सांगायला हवे. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी राजनाल्यातून ज्या गावांना मिळते, तिथे उन्हाळी भात होते आणि वर्षाला दोन सुग्या येतात. त्या गावांना कोठीची गरज कधी फारशी वाटली नाही. कोठी वाढली ती राजनाल्यापासून दूर, भीमाशंकरच्या रांगेखालच्या ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी वाड्यांत.

कोठीचा पहिला ठळक ठसा मिळतो तो माथेरानच्या एका तरुण वकिलाच्या कामात. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, १ डिसेंबर १९१२ चा जन्म, नाभिक समाजातल्या गरीब घरातला मुलगा. वकिलीचे शिक्षण झाल्यावर मुंबईत सनद लावून बसता आले असते. ते डोंगर उतरून कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्यांत गेले. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपदही त्यांनी सांभाळले, पण लोकांच्या तोंडी त्यांचे नाव झाले ते 'भाई'. भाईंनी गावोगाव मिळून ४२ शाळा काढल्या. सरकारी अनुदान नाही, इमारत नाही. कुणाच्या ओटीवर, कुणाच्या पडवीत वर्ग भरत. शिकवणारे तरुण त्याच परिसरातले, आणि तेही स्वयंसेवक.

शाळांबरोबर भाईंनी धान्यकोठ्या सुरू केल्या. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते, धान्याचे भाव चढत होते, पाऊस दगा देत होता, आणि साठा करून बसलेल्यांचे फावत होते. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबई आणि कोकणपट्टी त्या तांदळावर किती अवलंबून होती, हे त्या वर्षी सर्वांना कळले. मुंबईत शिधावाटप सुरू व्हायला मे १९४३ उजाडावा लागला. कर्जतच्या खेड्यांसाठी कोण काय करणार होते? भाईंचे उत्तर असे, की गावाचे भात गावातच अडवून ठेवावे, आणि ते अडवणारा एकटा धनिक नसावा, सगळ्या गावाने मिळून ते अडवावे. शेतकऱ्याने सुगीत कोठीत धान्य टाकावे आणि अडीनडीला कोठीतून घ्यावे. दुष्काळाच्या तोंडी सावकाराकडे जावे लागू नये, इतका सरळ हेतू.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. 'छोडो भारत'ची हाक आली, भाई भूमिगत झाले आणि त्यांचा दस्ता उभा राहिला. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायचे, हे त्यांचे काम. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत ११ मनोरे पडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी छावणीला वेढा घातला. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. भाईंचे वय ३० वर्षे. दर वर्षी २ जानेवारीला पहाटे सिद्धगडावर लोक जमतात, ती परंपरा आजही चालू आहे.

इतिहासात मनोरे राहिले आणि कोठ्या एका वाक्यापुरत्या उरल्या. पण दस्त्यात कोण होते ते पाहावे. जवळपास ५० माणसे, त्यांत शेतकरी आणि त्या ४२ शाळांचे शिक्षक. एकाच कोठीत भात टाकणारी, एकाच पडवीत मुले शिकवणारी माणसे. कुणाच्या घरात किती धान्य आहे हे ज्यांना माहीत आहे आणि तरी जे ते सावकाराला सांगत नाहीत, तीच माणसे रात्री मनोऱ्याखाली एकमेकांच्या भरवशावर उभी राहू शकतात. भाईंच्या कामाची सुरुवात धान्य आणि अक्षर यांपासून झाली, हे इथे ठासून सांगावेसे वाटते.

भाईंच्या पाठोपाठ त्यांच्या शाळा-कोठ्यांचा आधार तुटला. पुढची वर्षे वेगळ्या धामधुमीत गेली. १९४८ चा कूळ कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. ज्यांच्या नावावर कूळ म्हणून नोंद होती त्यांना जमीन मिळाली. ज्यांची नोंदच कधी झाली नव्हती, त्यांत कातकरी बहुसंख्य, ते तिथेच राहिले. दिवाळी झाली की घराला काटेरी झुडूप लावून कोळशाच्या भट्टीवर, पुढे वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे, हा त्यांचा क्रम. सरकारने १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ काढले. त्याच दशकात खावटी कर्ज आले, पावसाळ्यासाठी थोडे रोख, थोडे धान्य. खावटी हा शब्द मूळचा सावकारीतला, पोटापुरते उचललेले धान्य या अर्थाचा. सरकारी कागदावर तोच चढला.

खावटीची मोठी अडचण वेळेची होती. प्रस्ताव, मंजुरी, वाटप या फेऱ्यांत लावणी होऊन जाई.

१९८० च्या दशकात कशेळ्यात कोठीने पुन्हा अंग धरले. कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे कशेळे हे त्या पट्ट्यातल्या वाड्यांचे बाजाराचे गाव. तिथे काम करणाऱ्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी वाड्यांवर बैठका घेतल्या, वाढीदिढीचा हिशेब लोकांसमोर मांडला आणि गावाचा धान्यकोश करण्याचा विचार रुजवला. संस्थेचे काम बोलणे सुरू करून देण्याचे आणि वही लिहायला शिकवण्याचे. भात लोकांचे, जागा लोकांची, किल्ली लोकांची.

कोठी कशी चालते ते जवळून पाहिले पाहिजे, कारण तिचे सगळे बळ तिच्या तपशिलात आहे. सुगी झाल्यावर, मार्गशीर्षाच्या आसपास, वाडीची बैठक बसते. सभासदत्व घराचे. प्रत्येक घराने किती पायल्या टाकायच्या हे आधी ठरते, आणि ते सर्वांना सारखेच असते, म्हणजे पुढे कुणाचा आवाज जड होत नाही. धान्य साठवायचे ते भात म्हणून, तांदूळ म्हणून नाही. टरफलासकट भात कणगीत वर्ष-दीड वर्ष टिकते. तांदळाला कीड लागते. कणगी बांबूच्या कांबट्यांची विणलेली, माणसाच्या छातीएवढी किंवा त्याहून उंच, आतून-बाहेरून शेणमातीने सारवलेली. तिच्याखाली दगड आणि फळ्या, जमिनीची ओल चढू नये म्हणून. भात भरताना मध्ये मध्ये निरगुडीचा पाला. तोंडावर पेंढा, त्यावर पुन्हा शेणाचा लेप. लेप वाळला की बोटांचे ठसे त्यात दिसतात, आणि कुणी मधेच उघडली तर ते लगेच कळते. कुलपाहून हा लेपच वाडीला जास्त खात्रीचा वाटतो.

आषाढात लेप फोडायचा तो चारचौघांसमोर. पायली एकच, देताना आणि घेताना तीच. शीग ठेवायची तर दोन्ही वेळा ठेवायची, कापायची तर दोन्ही वेळा कापायची. बैठकीत भांडण होते ते बहुतेक यावरूनच, आणि ते व्हायलाच हवे. एकदा माप ठरले की वर्षभर कुणाच्या मनात किंतू राहत नाही. वहीत नाव, पायल्या, तारीख आणि अंगठा किंवा सही. किती उचलता येईल याला मर्यादा असते, नाहीतर पहिल्या चार घरांतच कणगी रिकामी व्हायची. ज्या घरी बाळंतीण आहे, आजारी माणूस आहे, त्या घराला आधी द्यायचे हे सांगावे लागत नाही. वाडीत सर्वांना सर्वांची चूल माहीत असते.

आता सवाईचा हिशेब. मणभर उचलले तर सावकाराकडे २४ पायल्या, कोठीत २०. चार पायल्या घरात राहिल्या, हा एक फायदा. दुसरा त्याहून मोठा. वरच्या चार पायल्या कुणा सावकाराच्या कोठारात जात नाहीत, वाडीच्याच कणगीत पडतात. दहा मणांनी सुरू झालेली कोठी दर वर्षी पूर्ण उचलली आणि सवाईने पूर्ण फेडली गेली, तर दुसऱ्या वर्षी साडेबारा मण, तिसऱ्या वर्षी साडेपंधराच्या वर, चौथ्या वर्षी साडेएकोणीस. तीन सुग्यांत जवळजवळ दुप्पट. ज्या व्याजाने पिढ्यानपिढ्या माणसे बुडवली, तेच व्याज अर्ध्यावर आणून वाडीच्या कामी लावले, ही कोठीची खरी करामत. काही जण विचारतात, शेजाऱ्याकडून सवाई तरी कशाला घ्यायची? उंदीर, घुशी, ओल आणि एखाद्या घराची बुडालेली सुगी, हे सगळे त्या पाव हिश्श्यातून भरून निघते. सवाई नसती तर कोठी दुसऱ्या वर्षीच आटली असती.

कशेळ्याच्या याच संस्थेने भाताच्या जुन्या वाणांकडेही लक्ष दिले. भाताचे थोर अभ्यासक डॉ. आर. एच. रिछारिया आणि एस. गोविंदस्वामी यांचा 'राइसेस ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९९० मध्ये कर्जतच्या या संस्थेने प्रसिद्ध केला. कटकच्या मध्यवर्ती भात संशोधन संस्थेचे संचालक राहिलेल्या शास्त्रज्ञाचा ग्रंथ सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका छोट्या गावातून निघावा, ही गोष्ट कर्जतकरांनी अभिमानाने सांगायला हवी. कोठीशी तिचा थेट संबंध आहे. खाण्याचे भात सुरक्षित असेल तरच बियाण्याचे भात वाचते, आणि बियाणे वाचले तरच वाण टिकतो. रिकाम्या कणगीने नुसती माणसे उपाशी राहिली असे झाले नाही. कित्येक जुने वाणही तिने गिळले.

गावच्या धान्यकोशाची ही कल्पना पुढे सरकारने उचलली. केंद्राच्या आदिवासी कल्याणाच्या कामात १९९६-९७ पासून ग्राम धान्य बँक योजना ११ राज्यांत सुरू झाली. दर कुटुंबामागे एक क्विंटल धान्य एकदाच द्यायचे, साठवणीच्या कोठ्या आणि वजनकाटा द्यायचा, पुढे गावाने देवाणघेवाण चालवायची. नोव्हेंबर २००४ मध्ये ती योजना अन्न व सार्वजनिक वितरण विभागाकडे गेली. वाडीची कल्पना दिल्लीपर्यंत पोहोचली याचा आनंद आहेच. पण जिथे पहिले धान्य बाहेरून ट्रकने आले, तिथे लोकांनी ते सरकारचे मानले, आणि सरकारचे फेडायची घाई कुणाला नसते. जिथे पहिली पायली स्वतःच्या राशीतून गेली, तिथे फेड चुकवणाऱ्याला रस्त्यात थांबवून विचारणारा शेजारी होता. योजनेत पत्र्याची कोठी आली. लेपावरचे बोटांचे ठसे आले नाहीत.

कोठीच्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे स्वतःचे खाचर नाही तो भाताने फेडणार कसा? भूमिहीन कातकरी घरे त्यामुळे अनेकदा बाहेर राहिली. दिवाळीनंतर भट्टीवर गेलेले कुटुंब मार्गशीर्षाच्या बैठकीला हजर नसते, आणि जो बैठकीला नसतो त्याचे नाव वहीत येत नाही. ज्यांना कोठीची गरज सर्वांत जास्त, त्यांच्यापर्यंत ती सर्वांत उशिरा पोहोचली. काही ठिकाणी मजुरीच्या पैशात फेड घेण्याची मुभा देऊन मार्ग काढला गेला. दुसरी उणीव बायकांच्या बाबतीत. कणगी सारवतात त्या, भात वाळवतात त्या, आज घरात किती शिजेल हे ठरवतात त्या. वहीवर सही मात्र घरच्या पुरुषाची. पुढे महिला बचत गट आले तेव्हा हिशेबाची वही बायकांच्या हाती गेली आणि त्याचा फरक गावोगाव दिसला.

२००० साली अंत्योदय योजना आली, २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळू लागले. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक, त्यामुळे त्यांच्या घरांचा अंत्योदयात समावेश झाला. आषाढातली उपासमार त्याने मोडली, हे मनापासून मान्य करायला हवे. जे काम कोठी एकेका वाडीपुरते करत होती, ते रेशन दुकानाने लाखो घरांसाठी केले. पण रेशन हे कार्डावर मिळते. कार्डातून नाव उडाले, अंगठा जुळला नाही, पावसात ओढ्याला पूर आला आणि दुकानापर्यंत जाता आले नाही, तर महिना कोरडा. रायगड जिल्ह्यात आदिवासींची वस्ती मोठी असूनही हा जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नाही, पेसा कायदा इथे लागू नाही. तेव्हा वाडीला स्वतःच्या सोयी स्वतः करण्याची सवय ठेवावीच लागते.

ती सवय किती खोल आहे हे दोनदा दिसले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. मुंबई-पुणे महामार्ग खालापूर तालुक्यातून, खोपोलीवरून बोरघाट चढतो. मुंबईहून पायी निघालेली माणसे, पोरेबाळे, डोक्यावर बोचकी, त्याच रस्त्याने घाटाकडे चालली होती. रस्त्याकडेच्या गावांनी त्यांना पाणी दिले, भात-वरण दिले. त्याच वर्षी राज्याने खावटी अनुदान जाहीर केले, कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे धान्य-किराण्याच्या रूपात. ते हाती पडेपर्यंत शेजाऱ्याच्या कणगीवरच चालले.

दुसरी वेळ आठवली तरी जीव कळवळतो. १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी, ठाकूर समाजाची वाडी, दरडीखाली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. पावसात, चिखलातून, निसरड्या पायवाटेने तासाहून अधिक चढून बचाव पथके वर पोहोचली. हेलिकॉप्टर उडू शकले नाही. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण बेपत्ता राहिले, आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. खोपोलीच्या 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' या स्वयंसेवकांच्या गटातली माणसे आणि परिसरातले गिर्यारोहक पहिल्या रात्रीपासून वर होते. वाचलेल्यांची तात्पुरती सोय चौकच्या मंदिरात झाली. लावणीचे दिवस होते. आपापली खाचरे अर्धी सोडून खालच्या गावांतली माणसे धावली. ज्यांच्या घरातले सगळे गेले अशा माणसांसमोर ताट ठेवणे आणि त्यांनी दोन घास घ्यावेत म्हणून शेजारी बसून राहणे, हे काम कुठल्याही शासकीय अहवालात बसत नाही. ते काम झाले. वाचलेल्या कुटुंबांसाठी सिडकोने पुढे चौक परिसरात ४४ घरे बांधली.

इर्शाळवाडीत घरांबरोबर कणग्याही गाडल्या गेल्या. त्यांत गेल्या सुगीचे उरलेले भात होते आणि पुढच्या वर्षाचे बियाणे होते.

आज कर्जत-खालापूरच्या किती वाड्यांवर कोठी चालू आहे, ते वाडीवाडीवर जाऊनच मोजावे लागेल. खाचरांच्या जागी फार्महाऊस उभी राहत आहेत, जमिनी विकल्या जात आहेत, तरुण मुले रसायनी-खोपोलीच्या कारखान्यांत आणि लोकलने बदलापूर-कल्याणला कामाला जातात. ज्याच्याकडे रास नाही तो कोठीत टाकणार काय? म्हणून काही वाड्यांवर कोठीचे रूप बदलले आहे. पायल्यांच्या जागी महिन्याचे ठरावीक पैसे, आणि त्यातून लग्नाला, दहाव्याला, आजारपणाला लागणारे धान्य. मोठी पातेली, कढया आणि ताटे वाडीच्या मालकीची. ज्याच्या घरी कार्य त्याने न्यायची आणि घासून परत करायची. हेही कोठीचेच वंशज आहेत, आणि त्यांचीही वही असते.

त्या वह्यांसाठी ही विनंती. ज्यांच्या घरी वाडीच्या कोठीची जुनी वही आहे, अंगठ्यांचे कागद आहेत, मापाची लाकडी पायली आहे, त्यांनी ती रद्दीत किंवा चुलीत जाऊ देऊ नये. वही असेल तर तिच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा आणि मूळ वही गावच्या शाळेत किंवा वाचनालयात नोंद करून ठेवावी. ज्या आजी-आजोबांनी कणगी भरली आहे, मापावरून भांडण केले आहे, त्यांच्याजवळ बसून ते बोलतील तसे लिहून घ्यावे. वाडीचे नाव, अंदाजे साल, किती घरे आणि किती पायल्या, एवढे तरी टिपावे. जुन्या वह्यांना पहिला धोका ओलीचा असतो, म्हणून हे काम येत्या मृगाआधी करावे.